तुटलं की तोडलंस?

पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात कॉलेज पुष्कळ काही दाखवत असे. काचेच्या भिंतींचे ग्रंथालय, संगणकांची गार खोली, आणि अभियंता म्हणजे कोण हे ज्या सभागृहात सांगितले जाई ते सभागृह. आठव्या दिवशी त्यांना मागच्या बाजूच्या वर्कशॉपमध्ये आणत. तिथे प्रत्येकाच्या हातात लोखंडाचा एक तुकडा पडे. तळहाताएवढा, काळपट, कडा कशाही कापलेल्या.

"याचं काय करायचं?" कुणीतरी विचारायचेच.

"चौकोन," गुण्यासर म्हणत.

"चौकोनच आहे की, सर."

"असं?"

मग ते शर्टाच्या खिशातून गुण्या काढत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे साधे अवजार. एक जाड पाय आणि त्याला काटकोनात बसवलेली पोलादी पट्टी. तो तुकड्याच्या कडेला लावून ते तुकडा खिडकीसमोर धरत. पट्टी आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची फट दिसायची. कुणाची नखाएवढी, कुणाची दोऱ्याएवढी.

"काय दिसतंय?"

"उजेड, सर."

"उजेड दिसतोय तोवर तुझं काम झालेलं नाही. बाहेर उजेड पाडणाऱ्यांचे सत्कार होतात. इथं नापास करतात."

मुले हसत. तीस वर्षे त्याच ठिकाणी हसत आली होती. सरांचे खरे नाव पगारपत्रकावर होते आणि ते तिथेच राहिले. बाकीचे लोक ज्या खिशात पेन ठेवतात तिथे हा माणूस गुण्या ठेवी, म्हणून मुलांनी त्यांना गुण्यासर केले आणि पुढे प्राचार्यही त्यांना तसेच म्हणू लागले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. अवजाराच्या नावाने ओळखले जाण्यात कमीपणा वाटावा असे त्यांना काही वाटत नसे.

वर्कशॉप लांबट होते. उत्तरेच्या भिंतीला सहा उंच खिडक्या, खिडक्यांखाली सोळा बाकांची रांग, प्रत्येक बाकावर लोखंड आवळून धरणारा एक व्हाइस. बाकांवर नंबर रंगवलेले होते आणि आत आलेले मूल बाहेर पडेपर्यंत त्याच नंबराने ओळखले जाई. लोखंड घासणाऱ्या कानशीचा आवाज दिवसभर चाले. सोळा कानशी एकाच वेळी लोखंडावरून जाऊ लागल्या की एखादे मोठे जनावर दात घासत बसल्यासारखे वाटे. लोखंडाचा कीस बाकाखाली साठे, हाताच्या रेषांत साठे, घरी नेलेल्या भाकरीच्या डब्याच्या कडीतही साठे.

दोन वर्षांपूर्वी विभागप्रमुख बाईंनी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला होता. त्यांनी त्याला 'अभियांत्रिकीची ओळख आणि व्यावसायिक कौशल्ये' असे लांबलचक नाव दिले. त्यात चारचौघांत बोलावे कसे, गटात काम करावे कसे, अहवाल लिहावा कसा, हे सगळे होते. वर्कशॉपचे सोळा आठवडे त्यात आठ झाले. बाई स्वतः वीस वर्षांपूर्वी याच खोलीत पाच नंबरच्या बाकावर उभ्या राहिल्या होत्या, आणि आठ आठवडे तरी त्यांनीच भांडून वाचवले, हे सरांना ठाऊक होते. त्यामुळे ते काही बोलले नाहीत. फक्त वही मात्र सोडणार नाही म्हणाले.

वहीचा नियम असा. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाने काय केले ते चार ओळींत लिहायचे, आणि जे बिघडले ते आधी लिहायचे. लिहिलेले मोठ्याने वाचायचे. वाक्यात माणूस हवा.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी बारा नंबरने करवतीचे पाते मोडले. उंच, बडबडा मुलगा, नवाकोरा ॲप्रन, त्याची घडी अजून उलगडायची होती.

"सर, ब्लेड तुटलं."

"कसं?"

"असंच. चालवत होतो, तुटलं."

"आपलं आपण?"

"हो सर."

"म्हणजे सकाळी उठल्या उठल्या त्याला वाटलं असणार, आज बारा नंबरच्या हातात जीव द्यावा."

बाकीच्यांच्या कानशी थांबल्या. बाजूच्या बाकावरची अकरा नंबर, जाड भिंगाचा चष्मा लावलेली मुलगी, तोंडावर हात धरून हसली.

"तुटलं की तोडलंस?" सरांनी विचारले.

मुलगा इकडेतिकडे बघू लागला. "तोडलं."

"कुणी?"

"मी. मी तोडलं, सर."

"हां. आता कसं तोडलंस तेही लिही. जोर जास्त दिलास का तिरकं धरलंस."

"दोन्ही."

"मग दोन्ही लिही. शाई काय घरून आणायचीय?" आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ऐका रे. आपल्या बोलण्यात सोय फार आहे. कप फुटतो. किल्ली हरवते. काम राहतं. चूक होते. माणूस कुठं दिसतच नाही, सगळं भुतं करून जातात. घरी चालवा. या वहीत भूत चालत नाही."

हा नियम त्यांना कुठून सापडला हे त्यांनी कुणा विद्यार्थ्याला सांगितले नव्हते. सतराव्या वर्षी ते पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. अक्षर चांगले होते म्हणून तिथला सुपरवायझर त्यांच्याकडून कागद लिहून घेई. एका दुपारी चाचणीच्या यंत्रावरची पट्ट्यावरची संरक्षक जाळी निसटली आणि शेजारच्या बाकावरच्या सोबत्याची उजव्या हाताची दोन बोटे गेली. संध्याकाळी सुपरवायझरने अहवाल सांगितला आणि त्यांनी तो लिहिला. 'जाळीचा एक बोल्ट सैल राहिला होता.' वाक्य निर्दोष होते. अक्षर तर सुरेखच. त्या सकाळी ती जाळी त्यांनीच बसवली होती. कुणी विचारले नाही, कारण त्या वाक्यात विचारण्यासारखे कुणी नव्हते.

सोबत्याला नंतर फाटकावर बसवले. तो रोज सकाळी तीन बोटांचा हात वर करून सलाम करी, हसून. नऊ वर्षे त्यांनी तो सलाम घेतला. मग कॉलेजात जागा निघाली आणि ते इकडे आले.

ही गोष्ट त्यांच्या बायकोला माहीत होती. लग्नाला वर्ष होत आले तेव्हा त्यांनी सांगितली होती. ऐकून ती एवढेच म्हणाली होती, "सांगितलंत ते बरं केलंत." आणि परत कधी विषय काढला नव्हता.

ती घरी शिवणकाम करी. तिला चष्मा लवकर लागला, त्यामुळे सुयांत दोरा ओवायचे काम सरांकडे आले. सकाळी कामावर जाण्याआधी ते उशीत टोचलेल्या दहा सुया एकामागून एक ओवून ठेवत. दोरा ओला न करता, एका झटक्यात. "ही तुमची शोबाजी," ती म्हणे. "एकदा चुकलात की कळेल." चुकत नसत.

साठीला दोन वर्षे उरली असताना पहिल्यांदा चुकले. सुईचे नेढे त्यांना दिसेना. सुई दिसत होती, बोटे दिसत होती, मधेच एक करडा डाग होता. त्यांनी मान हलवली, डागही हलला. जिथे नजर जाई तिथे तो आधीच जाऊन बसलेला असे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राला हनुवटी टेकवून घेतली, बराच वेळ पाहिले, मग दिवा लावला.

"डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील. चालता येईल, माणसं ओळखता येतील. पण जिथं रोखून बघाल, तेवढंच नेमकं दिसणार नाही."

"म्हणजे बघायचं सोडलं की दिसेल."

"तसंच काहीसं," त्या म्हणाल्या. त्यांना तो विनोद वाटला असावा.

"उपाय?"

"वेग कमी करता येतो. गेलेलं परत येत नाही."

ते चालत घरी आले. रस्ता दिसत होता, दुकाने दिसत होती. दुकानांवरच्या पाट्या वाचायला गेले की अक्षरे मधूनच खाल्ल्यासारखी होत. घरी त्यांनी सांगितले, "नंबर वाढलाय थोडा." वाढला. पुन्हा तेच. वाढवणारे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुया चाचपून ओवायचा प्रयत्न केला. दहातल्या चार जमल्या. उरलेल्यांच्या शेजारी दोरा नुसता ठेवून ते कामावर गेले. तिने काही विचारले नाही. त्यानंतर सुयांची उशी त्यांच्या टेबलावर येईनाशी झाली.

वर्कशॉपमध्ये मात्र कुणी काही उचलून घेणार नव्हते. तिथे सगळे एका फटीवर अवलंबून होते. एवढी वर्षे शेवटचा निकाल त्यांच्या डोळ्याचा. जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, पुरा झाला की मूल तो घेऊन खिडकीशी येई, सर गुण्या लावून बघत. फट पूर्ण बंद असे कधीच नसते. केसभर उजेड चालतो असे ते म्हणत. केसभर म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ते त्यांच्या नजरेत होते. नजरेला पटले की ते खिशातून छोटा पंच काढत, लोखंडाच्या कोपऱ्यात ठेवून हातोडीचा एक ठोका देत, आणि तिथे एक बारीक वर्तुळ उमटे. बस. त्या वर्तुळावर सत्र पास होत असे.

आता त्यांनी जॉब खिडकीसमोर धरला की नेमकी तीच जागा करडी होई.

पहिल्या दिवशी काय करावे सुचेना तेव्हा त्यांनी तुकडा समोरच्या मुलाच्या हातात परत दिला.

"तूच सांग. उजेड दिसतो का?"

मुलगा गोंधळला. त्याने डोळे बारीक करून पाहिले. "दिसतो, सर. इकडच्या टोकाला."

"मग घास अजून."

झाले. त्या दिवसापासून तेच सुरू झाले. झाले नाही, त्यांनी सुरू केले. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला ते विचारत, तूच सांग. मुले आपल्याच कामाकडे कोर्टातल्या साक्षीदारासारखी बघू लागली. सुरुवातीला खरे बोलत. दिसलेला उजेड लपवायची अजून सवय नव्हती.

एकदा विभागप्रमुख बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. नंतर त्या आत आल्या.

"सर, हे नवीन काय काढलंत?"

"काही नाही बाई, आपलं असंच."

"असंच कसं? आम्ही सभागृहात तीन तास घसा फोडतो, आपल्या कामाची जबाबदारी आपण घ्यावी म्हणून. तुम्ही एका वाक्यात घ्यायला लावताय. आमच्या वेळी तुम्ही नुसते ओरडायचात."

"तुमच्या वेळी तुम्ही ऐकायचाही नाहीत."

बाई हसल्या. "मी हे माझ्या अहवालात घालणार आहे. आणि एक. तुमचं हे शेवटचं वर्ष ना? प्राचार्यांशी बोललेय मी. दोन वर्षं अजून थांबा. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी सभागृहात तुम्हीच बोला."

तेव्हा सांगता आले असते. वाक्य जिभेवर होतेही. पण बाईंच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिले आणि चेहऱ्याच्या जागी करडा डाग होता. त्याच्या भोवती केस, कानातल्या कुड्या, साडीचा काठ. डागाशी काय बोलायचे. "बघू," ते म्हणाले.

वर्कशॉप सोडून कुठे जायचे हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, कारण ते सोडायचे असते हेच त्यांना खरे वाटत नव्हते. आता त्यांच्या हातात दोन वर्षे जास्तीची ठेवली होती. ती ज्या 'तूच सांग'साठी ठेवली होती ते त्यांनी लपायला काढले होते.

अकरा नंबरची मुलगी शांत होती. हाताला जोर कमी, पण कानस सरळ चालवी. तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा खिडकीशी आली.

"तूच सांग."

"दिसतो, सर."

"घास."

पाचव्या आठवड्यात तिचा तुकडा घासून घासून मापापेक्षा लहान झाला. नवा घ्यावा लागला. मग तोही लहान झाला. बाकीची मुले तोवर शहाणी झाली होती. त्यांना कळले होते की हा माणूस विचारतो आणि आपण सांगू ते घेतो. बारा नंबर खिडकीशी आला, गुण्या लावला, बेधडक म्हणाला, "नाही दिसत, सर." पंचाचा ठोका पडला. तो बाकावर परत येऊन अकरा नंबरला हळूच म्हणाला, "तू कशाला एवढं डोळे फाडून बघतेस? चष्मा काढून बघ ना."

चौथ्या तुकड्याच्या वेळी तिने वेगळे उत्तर दिले. "केसभर दिसतो, सर. चालेल का?"

तिचा केस म्हणजे किती, हे सरांनी बघायला हवे होते. तेवढेच तर त्यांचे काम होते.

"दिसतो ना? मग घास," ते म्हणाले.

आठवा आठवडा संपला तेव्हा नोंदवहीत पंधरा नंबरांपुढे 'पूर्ण' होते आणि अकरापुढे 'अपूर्ण'. अपूर्ण म्हणजे वर्कशॉप पुढच्या वर्षी नव्याने, पुढच्या मुलांबरोबर. परवा नोंदवही कार्यालयात जायची होती.

दुपारी वर्ग सुटल्यावर ती आली. खोली रिकामी होती. तिच्या दोन हातांत दोन तुकडे होते.

"सर, एक माझा आहे. एक बाराचा. त्यानं दिलाय बघायला. दोन्ही बघाल का?"

"तूच सांग की."

"मी चार वेळा सांगितलंय सर. आज तुम्ही सांगा."

आवाजात उर्मटपणा नव्हता. तिने पहिला तुकडा कोपऱ्याला धरून पुढे केला. सरांनी तो तिच्या हातातच खिडकीकडे वळवला, गुण्या लावला. करडे. अंगठा कडेवरून फिरवला. अंगठ्याला काटकोन कळत नाही. पंचाचे वर्तुळ बोटाला लागले असते, पण ते ज्या कोपऱ्यात असते तिथे तिची बोटे होती, तिने तुकडा धरून ठेवला होता. सर मनात म्हणाले, ही आपला जॉब आधी दाखवणार.

"दिसतोय उजेड," ते म्हणाले. "बराच आहे."

मग दुसऱ्याला गुण्या लावला. "याला नाही."

तिने दोन्ही तुकडे बाकावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावल्याचा आवाज आला.

"सर, पहिला बाराचा होता," ती म्हणाली. "उजेड त्यात आहेच, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही तो माझा समजून सांगितलंत ना? आणि या दुसऱ्यात, माझ्यात, केसभर आहे. तुम्ही नाही म्हणालात."

सर गुण्या खिशात ठेवायला गेले, तो खिशाच्या कडेला लागून खाली पडला. तिने उचलून दिला.

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. विचारत नव्हती. काटकोन आहे की नाही हे सांगावे तसे तिने सांगितले.

ते स्टुलावर बसले.

"मी कुणाला सांगणार नाही, सर."

"आणि तुझं अपूर्ण?"

"राहू दे."

राहू दे. तो शब्द खोलीत पडला आणि सरांना चाळीस वर्षांपूर्वीचा कागद दिसला, अगदी मधोमध, स्वच्छ, डाग नसलेला. सैल राहिला होता. आत्ताही कुणी काही विचारणार नव्हते. या वेळी तर जिची बोटे जायची तीच म्हणत होती, राहू दे.

"दोन्ही तुकडे इथंच ठेव," ते म्हणाले. "उद्या ये. सगळ्यांना ये म्हणावं."

घरी बायको मशीनवर बसली होती. ते समोर बसले. तिने पाय थांबवला नाही.

"बोटांची गोष्ट सांगितलीत त्या दिवसासारखं तोंड झालंय तुमचं," ती म्हणाली. "काय केलंत?"

"काय झालं असं नाही विचारलंस."

"तुमच्याच घरात राहते मी."

त्यांनी सांगितले. डॉक्टरीणबाईंपासून अकरा नंबरपर्यंत. मशीन मधेच कधीतरी थांबले होते.

"सुया मी ओवतेय, दोन-तीन महिने झाले," ती म्हणाली. "बाजारात एक तारेचं मिळतं, त्यानं होतं. तुम्हाला लागू नये म्हणून लपवून ठेवलंय, डब्यात, बटणांखाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. थांबत गेले." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "तसं बघितलं तर मीही लपवलंच की. माझंही लिहा तुमच्या त्या वहीत."

सर हसले नाहीत, पण त्यांचा हात मशीनवर तिच्या हाताशेजारी जाऊन टेकला.

"दोन वर्षं जातील," ते म्हणाले.

"जातील की घालवाल?"

"घालवीन."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोळाही जण आपापल्या बाकांशी उभे होते. सरांनी विभागप्रमुख बाईंना बोलावून घेतले होते. खिडकीखालच्या टेबलावर लाकडी पेटी होती, त्या सत्रात आळीपाळीने येणाऱ्या सोळा-सोळा मुलांच्या चारही गटांचे जॉब तीत होते. सरांनी खिशातला गुण्या काढून बाईंपुढे ठेवला.

"बाई, हे सगळे पुन्हा तपासायचेत. तुम्हाला."

"का?"

"सत्रभर मला फट दिसत नाही. मी दिसतंय असं दाखवत होतो. ते 'तूच सांग' माझी शिकवण्याची पद्धत नव्हती. माझी पळवाट होती."

बाईंचा चेहरा त्यांना दिसला नाही, पण त्यांच्या बांगड्या टेबलाच्या कडेला एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"सर, अहवाल गेला माझा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या नावासकट गेला. हे मला आधी कळायला हवं होतं."

"मी आधी सांगायला हवं होतं."

बाईंनी पदर खोचला आणि पेटीतला पहिला जॉब उचलला. दीड तास लागला. त्या बघत, आकडा सांगत, अकरा नंबरची मुलगी लिहून घेई. वर्तुळ असलेल्या त्रेसष्ट जॉबपैकी तेविसांत उजेड होता. काहींत तर नखाएवढा.

बारा नंबरचा जॉब आला तेव्हा तो स्वतःच पुढे झाला. "सर, माझ्यात थोडा उजेड राहिला असेल."

"राहिला?"

"ठेवला. मी ठेवला, आणि नाही म्हणून सांगितलं."

"लिही."

मग सरांनी नोंदवही उघडली. कडेच्या नजरेने लिहिता यावे म्हणून ते मान वाकडी करून बसले, अक्षरे ओळ सोडून वर गेली. पूर्वीच्या त्या सुरेख अक्षराचे काही उरले नव्हते. रिवाजाप्रमाणे त्यांनी लिहिलेले मोठ्याने वाचले.

"तेवीस जॉबमधला उजेड मला दिसला नाही."

मग बाराकडून, सवयीनेच, सुटल्यासारखे आले, "दिसला नाही की..." आणि त्याने जीभ चावली.

"बोल," सर म्हणाले.

"चुकून तोंडातून गेलं, सर."

"गेलं?"

"मी बोललो."

"मग पुरतं बोल."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले होते. "दिसला नाही की... बघितला नाहीत, सर?"

सर विचार करत राहिले. बघितले होते. रोज बघितले होते, डोळे दुखेपर्यंत. दिसले नव्हते हेही खरे होते. दोन्ही क्रियापदे खरी होती आणि दोन्हींत ते सापडत नव्हते.

बाई जवळ आल्या. "सर, मी सुचवू? 'दृष्टिदोषामुळे तपासणीत त्रुटी राहिल्या.' एवढंच लिहा. पुढचं मी सांभाळून घेते. दोन वर्षांचंही बघता येईल, दुसरं काहीतरी काम देऊन."

हे त्यांनी मनापासून म्हटले होते. वाक्यही निर्दोष होते.

सरांनी लिहिलेल्या ओळीवर एक रेघ मारली. खाली लिहिले आणि वाचले. "मला दिसत नाही हे मी सत्रभर लपवले. न दिसता पंच मारला. अकरा नंबरने खरे सांगितले, तिला मी अडकवले."

सही केली. तीही ओळ सोडून गेली.

मग त्यांनी खिशातून पंच काढला आणि बाईंच्या हातावर ठेवला. तेवीस जणांनी आणखी एक आठवडा यायचे असे ठरले. कुणी कुरकुरले नाही, एका कोपऱ्यातून सुस्कारा आला तेवढाच. शेवटी अकरा नंबरचा जॉब उरला. बाईंनी तो खिडकीसमोर धरला.

"केसभर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी एवढा चालायचा ना, सर?"

"तेव्हा मी बघून सांगायचो. आता तुम्ही बघताय."

बाईंनी पुन्हा पाहिले, नीट, एका कडेने, मग दुसऱ्या. "चालेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी जॉब ऐरणीवर ठेवला, पंच कोपऱ्यात धरला. वीस वर्षांत हातोडी हातात घेतली नव्हती. पहिला ठोका हलका पडला, दुसरा तिरका. सरांनी पुढे होऊन कोपऱ्यावर बोट फिरवले. एकाच्या अंगावर दुसरे चढलेली दोन वर्तुळे होती.

"वाकडा बसला," बाई ओशाळून म्हणाल्या.

सर नुसती मान वर करून वाट बघत राहिले. सोळाही जण बाईंकडे बघत होते.

"बसवला," बाई म्हणाल्या. "मी."

अकरा नंबरने वही पुढे केली.